फोनच्या तारेवरचं ब्रॉडबँड: प्लॅन आठचा, हातात दीड. दोष शोधायचा कुठे?

पळसफूल
नमस्कार मंडळी. आर्वी तालुक्यातलं आमचं गाव. घराच्या पुढच्या खोलीत मी सेवा केंद्र चालवते. सातबारा, आठ-अ, उत्पन्नाचा दाखला, पोरांचे शिष्यवृत्तीचे अर्ज, सगळं इथेच होतं. सध्या खरिपाच्या पीकविम्याची गर्दी आहे, ओसरीवर माणसं सकाळपासून बसलेली असतात.

नेट फोनच्या तारेवरचं. प्लॅन ८ एमबीपीएसचा. दुपारच्या वेळी ३ एमबीपीएसच्या आसपास मिळतात, दिवेलागणीनंतर दीडवर येतं. फोनची घंटी वाजली की मोडेमवरचा डीएसएलचा, म्हणजे तारेवरच्या नेटचा, दिवा लुकलुकायला लागतो आणि अर्धा भरलेला अर्ज पुन्हा पहिल्यापासून. पेरणी सोडून आलेल्या माणसाला "बाबा, उद्या या" म्हणताना जीव तुटतो.

तक्रार केली की "लाईन ओके" असा मेसेज येतो आणि तक्रार बंद होते. घरी बसून मला काय काय तपासता येईल? तांत्रिक असलं तरी चालेल, समजून घेईन.

संत्राबाग
ताई, तांब्याची तार अजून आहे तुमच्याकडे? इकडे वरुडला आमच्या गल्लीत सगळ्यांनी फायबर घेतलं. त्या तारेमागे लागण्यापेक्षा सरळ फायबरचा अर्ज टाका.

पळसफूल
दादा, फायबर ग्रामपंचायतीच्या इमारतीपर्यंत आहे. आमचं घर नाल्याच्या पलीकडे, शेवटच्या वस्तीत. मोबाइलचा टॉवर टेकडीआड, गच्चीवर गेलं तर कांडी दिसते. सध्या तरी हीच तार.

निंबाचा_पार
दीड म्हणजे तर सरकारी व्याख्येतसुद्धा बसत नाही. २००४ च्या धोरणात ब्रॉडबँड म्हणजे किमान २५६ केबीपीएस होतं, २०१३ मध्ये ५१२ झालं, २०२३ पासून २ एमबीपीएस. तक्रारीत हे लिहा.

लाईनवाले_काका
टेलिफोनच्या बाहेरच्या कामात माझी नोकरी गेली, आता निवृत्त आहे. यवतमाळ जिल्ह्यातले खांब मी पायाने मोजलेत. ताई, व्याख्या नंतर. आधी मोडेमला विचारा, तो सगळं सांगतो.

संगणकावर ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ टाका. मोडेमच्या मागे वेगळा पत्ता छापलेला असेल तर तो. आत "डीएसएल स्टेटस" किंवा "एडीएसएल" असं पान असतं. त्यातले हे आकडे इथे लिहा.

सिंक रेट: मोडेम आणि टेलिफोन एक्स्चेंज यांच्यात ठरलेला वेग. यापेक्षा जास्त वेग तुम्हाला मिळूच शकत नाही.

अटेन्युएशन: तारेत सिग्नल किती झिजतो ते. आपल्याकडच्या अर्ध्या मिलिमीटरच्या तारेला ढोबळ हिशेब किलोमीटरला पावणेचौदा डेसिबल. म्हणजे ४१-४२ दिसलं तर एक्स्चेंज तारेच्या वाटेने तीन किलोमीटरवर. तारेची वाट म्हणतोय. गाडीची नाही आणि पाखराचीही नाही.

एसएनआर मार्जिन: गोंगाटाच्या वर सिग्नल किती उरतो ते. ६ च्या खाली गेलं की लाईन तुटायच्या बेतात. १० च्या वर असेल तर निवांत.

आणि सीआरसी एरर, म्हणजे वाटेत बिघडून आलेली माहिती मोडेमने किती वेळा पकडली ते. एकूण किती हे महत्त्वाचं नाही, तासाभरात किती वाढले ते बघा.

हे सगळं एकदा दुपारी आणि एकदा रात्री आठला लिहून घ्या. रात्री सिंक रेटच खाली येत असेल तर दोष तारेत. सिंक तसाच राहून फक्त स्पीड टेस्ट पडत असेल तर तार ठीक आहे, गर्दी एक्स्चेंजच्या पुढे आहे. हा फरक कळल्याशिवाय कोणतीही वायर सोडू नका.

पांढरंसोनं
काका सांगून रायले ते सोळा आणे खरं. माह्या घरी असंच होतं. फोन पुढच्या खोलीत, अन् बुढ्याले ऐकू याव म्हणून मांगच्या खोलीत दुसरा डब्बा. ती तार कवेलूवरून नेलेली. उंदरानं कुरतडली, वरून पावसाचं पाणी. फोन चालू राहे, नेट मात्र दर सरीले बसे. तार कापून फेकली अन् झालं. ताई, तुमच्या घरात किती डब्बे हायेत ते पाह्यजा.

गणिताचे_सर
दोन गोष्टी आधी स्पष्ट कराव्यात. एक, स्पीड टेस्ट वायफायवर केली की केबलवर? जाड मातीच्या भिंतीआड वायफाय अर्ध्यावर येतं आणि खापर लाईनवर फुटतं. मोडेमला केबल लावूनच मोजा.

दोन, ८ एमबीपीएस म्हणजे मेगाबिट. फाइल उतरवताना संगणक मेगाबाइट दाखवतो, म्हणून आदर्श स्थितीतही आकडा १ दिसेल. डीएसएलवर माहिती ज्या पाकिटांतून जाते त्यांचं वजनही दहा-पंधरा टक्के खातं. ६ चा सिंक असेल तर टेस्टमध्ये ५ च्या थोडं वर धरून चाला.

पळसफूल
सर, केबल लावूनच मोजलं. काका, हे घ्या.

दुपारी: सिंक ३२०० केबीपीएस, अपलोड ५१२, अटेन्युएशन ४४, मार्जिन ६.५.
रात्री आठला: सिंक १९२०, अटेन्युएशन ४४, मार्जिन ६. त्याआधी लाईन तुटून परत जोडली गेली होती. सीआरसी भराभर वाढतात, डोळ्यांदेखत.

घरात डबे दोन आहेत. एक ओसरीवर, तिथेच मोडेम. दुसरा सासूबाईंच्या खोलीत. शिवाय एक तार जुन्या गोठ्याकडे गेलेली दिसते, तिच्या टोकाला काहीच नाही.

लाईनवाले_काका
शाब्बास. यातूनच बरंच कळलं.

४४ डेसिबल म्हणजे तुम्ही सव्वातीन किलोमीटरच्या आसपास आहात. एवढ्या अंतरावर दोन तारांची जोडी चांगली असेल तर एडीएसएल-टू-प्लसवर, म्हणजे एडीएसएलच्या पुढच्या आवृत्तीवर, ६ ते ७ मिळायला हवेत. तुम्हाला ३ मिळतात, म्हणजे अर्धा वेग कुठेतरी वाया जातोय. अंतर हे कारण नाही. रात्री सिंकच पडतो म्हणजे पहिला संशय तारेवरच.

ती गोठ्याकडची तार आधी पकडा. टोकाला काही नसलं तरी ती लाईनला जोडलेली असते. पाटाला बारं फोडून पुढे बांध घातला तर पाणी आत शिरतं, आपटतं आणि उलटं मुख्य पाटात येऊन खळखळ करतं, तसंच सिग्नलचं होतं. बोलण्याच्या फोनला त्याने काही बिघडत नाही, म्हणून लाईन तपासणारा "ओके" लिहून जातो. डीएसएलला मात्र फार बिघडतं.

आता परीक्षा. खांबावरून तार घरात जिथे पहिल्यांदा उतरते तो डबा शोधा, आम्ही त्याला रोझेट म्हणतो. त्यातून आत जाणाऱ्या सगळ्या तारा सोडवा. फोन नको, स्प्लिटर (बोलणं आणि नेट वेगळं करणारी डबी) नको. छोट्या वायरने फक्त मोडेम लावा आणि आकडे बघा. सुधारले तर दोष घरात, तसेच राहिले तर बाहेर. एक सांभाळा, त्या तारेवर ४८ व्होल्ट असतात आणि घंटी वाजताना त्याहून बरेच जास्त. कोरड्या हातांनी करा. आभाळ गडगडत असेल तर हातच लावू नका.

झाडीकाठ
गडगडण्यावरून सांगते जी. आमच्या साकोलीकडे धानाच्या रोवणीच्या दिवसांत विजा फार. लोक मोडेमचं लाईटचं बटण बंद करतात आणि निश्चिंत होतात. वीज फोनच्या तारेवरूनही येते. दोन्ही काढायचं, प्लगही आणि फोनची पिनही. आमच्या शेजारी मोडेम गेला, त्याला जोडलेला संगणकही गेला.

वर्धेकाठ
आणि खांबाजवळच्या डब्यात अर्थिंग असेल तर ते खरंच जमिनीत गेलंय का तेही बघा. आमच्याकडची अर्थची तार कोणीतरी तांब्यासाठी कापून नेली होती.

रेडिओवेडा
काका, रात्रीच्या गोंगाटात रेडिओचाही वाटा असतो ना? आकाशवाणी नागपूर मध्यम लहरींवर ५८५ किलोहर्ट्झला लागतं. एडीएसएलची डाउनलोडची पट्टी साधारण १३८ पासून ११०४ किलोहर्ट्झपर्यंत, टू-प्लसमध्ये दुप्पट. म्हणजे आमचं लाडकं स्टेशन बरोबर मध्ये बसलंय. लहानपणी माझ्या चुलत्यांच्या घरी रिसीव्हर कानाला लावला की मागे कामगारसभा ऐकू यायची, आम्ही पोट्टे त्यासाठीच फोन उचलायचो.

लाईनवाले_काका
असतो. मध्यम लहरी रात्री आकाशातून परतून लांबवर पोचतात, म्हणून सूर्य बुडाला की दूरदूरची स्टेशनंही तारेवर उतरतात. पण मोडेम हुशार असतो. तो पट्टीचे ४.३१२५ किलोहर्ट्झचे बारीक खाने करतो. तुमचं ५८५ साधारण १३५-१३६व्या खान्यात येतं. तिथे गोंगाट दिसला की ते खाने तो मोकळे ठेवतो, बाकीचे वापरतो. एका स्टेशनने वेग अर्धा होत नाही. जोडीच्या दोन तारा एकमेकींना नीट पिळलेल्या आणि दोन्ही सारख्या असतील तर रेडिओ फारसा शिरतच नाही. फोनमध्ये कामगारसभा ऐकू येत होती ना, तर त्या लाईनचा एक जोड नक्की कुजलेला होता.

पांढरंसोनं
म्हणजे काका, गाणी ऐकू आली की तक्रार करायची, अन् पोट्टे म्हणतीन राहू द्या!

मोटारपंप
आमच्याकडे रात्रीची थ्री-फेज आली की लाईन तुटायची. वावरातले स्टार्टर एकामागून एक पडतात, प्रत्येक वेळी तारेवर ठिणगीसारखा आवाज. आम्ही मोडेम स्टार्टरच्या पेटीजवळून हलवला, फोनची तार विजेच्या वायरपासून वीतभर दूर घेतली. बराच फरक पडला. ताई, दिवेलागणीला काय सुरू होतं तेही बघा. स्वस्तातल्या एलईडी बल्बचे आणि सेट टॉप बॉक्सचे अडॅप्टर खूप गोंगाट करतात. खिशात बसणारा जुना रेडिओ असेल तर स्टेशन नसलेल्या जागी लावून घरभर फिरवा. जिथे खरखर वाढते तिथे चोर आहे.

पळसफूल
पहिल्या डब्यावर फक्त मोडेम लावून बघितलं. दुपारी सिंक ५१०० वर गेला! अपलोड ७६०. सीआरसी अजून वाढतात पण हळू. गोठ्याची तार कापली. ती आमच्याआधीच्या कुणीतरी टाकलेली, भिंतीतून गेली होती आणि आत वाळवी. सासूबाईंच्या खोलीतला फोन आता स्प्लिटरच्या फोनच्या बाजूला जोडलाय. पूर्वी तो सरळ लाईनवर होता, मध्ये काहीच नव्हतं.

पण घंटी वाजली की दिवा अजूनही लुकलुकतो.

निंबाचा_पार
स्प्लिटर बदलून बघा. तीन भोकं असतात, लाईन, फोन, मोडेम. कितीतरी घरांत उलटे लावलेले पाहिलेत.

लाईनवाले_काका
स्प्लिटर बदला, पण मला वाटतं दोष बाहेर आहे. घंटीच्या वेळी लाईनवर जास्त व्होल्टेज येतं, आणि गंज चढलेला जोड त्या वेळी आपली वागणूक बदलतो. मोडेमने मोजलेली तार एकदम वेगळीच होते आणि सिंक सुटतो. एक करा. फोन उचला, एखादा आकडा दाबा म्हणजे डायलटोन थांबेल, आणि गप्प ऐका. खरखर, तडतड, गूं असा आवाज येतो का?

पळसफूल
येतो. तडतड. वारा सुटला की जास्त.

लाईनवाले_काका
मग जोडच. बहुतेक खांबावर, नाहीतर खांब ते घर या ड्रॉप वायरच्या टोकाला. वाऱ्याने वायर झुलते आणि जोड हलतो.

आता तक्रार कशी लिहायची ते ऐका. "नेट स्लो आहे" लिहू नका. "फोनवर सतत खरखर, बोलणं तुटतं" असं लिहा. बोलण्याचा दोष लाईनमनकडे जातो. नेटचा दोष टेबलावर बसलेल्याकडे जातो आणि तो मोडेम बंद-चालू करायला सांगतो.

गणिताचे_सर
काका, इथे मी असहमत आहे. नुसती खरखर लिहिली तर लाईनमन बोलणं सुधारून जाईल. डीएसएलचे आकडे कोणी बघणारच नाही. दोन्ही लिहावं: खरखर आहे, मार्जिन ६, घंटीला सिंक सुटतो, घरातल्या तारा सोडवूनही असंच. आकडे दिले की "लाईन ओके" म्हणणं अवघड जातं.

लाईनवाले_काका
सर, तुमचं पटलं. खरखर आधी, आकडे मागून. आणि ताई, लाईनमन आला की त्याच्यावर राग काढू नका. एकेका माणसाकडे आता कितीतरी गावं असतात. शिडीही तोच नेतो, केबलही तोच ओढतो. त्याला म्हणा, "दादा, लूपचा रेझिस्टन्स मोजून द्या." तुमच्या टोकाला दोन्ही तारा एकत्र जोडून एक्स्चेंजकडून मोजतात. अर्ध्या मिलिमीटरच्या तारेला किलोमीटरला १६८ ओहमच्या आसपास, म्हणजे तुमचे सव्वापाचशे ते साडेपाचशे यायला हवेत. फारच जास्त आले किंवा आकडा स्थिर राहिला नाही तर वाटेत जोड खराब.

वर्धेकाठ
एक गंमत आहे, पण खरी. दोनपैकी एक तार तुटली तरी डीएसएल कधी कधी रांगत चालू राहतं आणि फोन मात्र ठार बंद. आमच्याकडे नळाच्या पाइपलाइनसाठी जेसीबीने खोदलं तेव्हा असंच झालं. नेट चालू म्हणून कोणाच्या लक्षातच आलं नाही.

सेवाकेंद्र_पुसद
पळसफूलताई, मीही केंद्र चालवते. लाईनचं काका बघतीलच, मी कामाचं सांगते. आपल्या धंद्यात डाउनलोडपेक्षा अपलोड मारतो. एडीएसएलवर अपलोड जेमतेम १ एमबीपीएसपर्यंत जातो, तुमच्याकडे तर पाऊणच. तुम्ही सातबारा आणि पासबुक रंगीत स्कॅन करून चढवता तेव्हा वर जाणारा रस्ता तुंबतो. आणि खाली येणाऱ्या प्रत्येक पानाची पोच वरच पाठवावी लागते, म्हणून पानंही उघडत नाहीत. आपल्याला वाटतं नेट गेलं.

मी स्कॅनर १५० डीपीआयवर आणि करड्या रंगावर ठेवलाय. अक्षर स्वच्छ वाचता येतं, फाइल कितीतरी लहान होते. पोर्टलने दिलेली मर्यादा बघून घ्यायची. घरच्या सगळ्यांच्या मोबाइलवरचं फोटोंचं आपोआप चढणं बंद केलंय. ओसरीवर बसलेल्यांना वायफायचा पासवर्ड देणंही बंद केलं. वाईट वाटतं, पण अर्ज त्यांचेच अडकतात. आणि कागद सकाळी आल्या आल्या स्कॅन करून ठेवते, भरायला बसल्यावर फक्त चढवायचं.

पळसफूल
ताई, हे फार उपयोगाचं. माझा स्कॅनर ३०० आणि रंगीत होता. आजच बदलते. पासवर्डचं मात्र जड जाईल, पोरं त्यासाठीच आजोबांबरोबर येतात.

संत्राबाग
पोरांना चिंचा द्या, वायफाय विसरतील.

पळसफूल
लाईनमनदादा येऊन गेले. खांबावरच्या डब्यात आमच्या जोडीला साधी काळी चिकटपट्टी गुंडाळलेली होती. सोडली तर आत हिरवी भुकटी, तार हाताने तुटून आली. त्यांनी तार मागे कापून चकचकीत तांब्यापर्यंत सोलली, जेली भरलेले जोड दाबले आणि डब्याचं झाकण खाली तोंड करून बसवलं. ओहम मोजून दिले, ५५० च्या आत आले. चहा घेतला आणि पुढच्या गावाला गेले.

आता दुपारी सिंक ६४००, मार्जिन ९. घंटी वाजली तरी दिवा स्थिर. फोनवर तडतड नाही.

रात्री आठला सिंक तोच ६४००, पण टेस्ट तीनवर येते. म्हणजे काका, आता गर्दी पुढची?

लाईनवाले_काका
हो, आता तुमच्या तारेत दोष उरला नाही. सिंक टिकून वेग पडतो म्हणजे एक्स्चेंजपासून बाहेर जाणारा रस्ता संध्याकाळी भरतो. तो तुम्हालाही दुरुस्त करता येणार नाही आणि लाईनमनलाही नाही. रोज आठच्या सुमाराची सिंक आणि टेस्ट, दोन्ही एका वहीत लिहा. त्याच एक्स्चेंजवरच्या आणखी घरांचेही आकडे घ्या आणि सगळ्यांनी मिळून अर्ज द्या. एकट्याच्या तक्रारीला घरातला दोष म्हणतात, दहा घरांना तसं म्हणता येत नाही.

आणि एक विनंती करून ठेवा. पुढे कधी मार्जिन पुन्हा खाली आलं तर एक्स्चेंजकडून प्रोफाइल, म्हणजे लाईनला नेमून दिलेला वेग, थोडं खालचं करून घ्या. तुमच्या कामाला न तुटणारे ५ हे तुटणाऱ्या ६ पेक्षा चांगले.

गणिताचे_सर
अर्ज सामायिक असेल तर निंबाचा_पार यांची २ एमबीपीएसची व्याख्याही त्यात जाऊ द्या. ज्या घरांना रात्री २ पेक्षा कमी मिळतं त्यांच्यासाठी तिचा उपयोग आहे.

मेळघाटची_वाट
काका, माझंही सांगा. अटेन्युएशन ६३, मार्जिन ७, सिंक ९००. घरात एकच डबा, खरखर अजिबात नाही, मोडेम पहिल्याच जागी. काय दुरुस्त करू?

लाईनवाले_काका
काही नाही. ६३ म्हणजे साडेचार किलोमीटरच्या पुढे आहात. तुमची लाईन निरोगी आहे, ती फक्त लांब आहे. यावर मोडेम बदलण्यात पैसे घालू नका, कोणी विकायला आला तरी. तुमच्यासाठी फायबर किंवा हवेतली, म्हणजे बिनतारी, लिंक हाच रस्ता. ग्रामपंचायतीत फायबर आलंय का ते विचारा आणि मधलं अंतर किती ते इथे लिहा, मग बघू.